बगदादचा शेठ आणि मुंबईचा कारभार

पुण्यात कोणाचा हातपाय मोडला की शेजारीपाजारी एकच सांगतात, ‘ससूनला न्या.’ मुंबईत कोळणी भल्या पहाटे टोपल्या घेऊन निघतात त्या ससून गोदीकडे. काळ्या घोड्याच्या चौकात उन्हाने दमलेला विद्यार्थी पुस्तक उघडून बसतो तो डेव्हिड ससून ग्रंथालयात. माणसाचे नाव जागेला इतके घट्ट चिकटते की पुढे जागाच तेवढी उरते आणि माणूस नाहीसा होतो. ससून म्हणजे काय, असे एखाद्या मुलाला विचारले तर तो ‘मोठा दवाखाना’ असे सांगून मोकळा होईल. आणि त्याला दोष देता येणार नाही.

श्रोतेहो, आज मी तुम्हांला या नावामागच्या माणसाची, व त्याहीपेक्षा त्याच्या राजकारणाची, हकीकत सांगणार आहे. राजकारण हा शब्द मी मुद्दाम वापरतो. डेव्हिड ससून कोणत्याही निवडणुकीला उभे राहिले नाहीत. राहणार तरी कसे? त्यांच्या हयातीत मुंबईच्या करदात्यांना मतच नव्हते. इंग्रजी भाषा त्यांनी अखेरपर्यंत आत्मसात केली नाही. महत्त्वाच्या कागदावर सही करायची झाली तर ते हिब्रू अक्षरांत करीत. अंगात बगदादी पायघोळ झगा आणि डोक्यास फेटा हा वेश त्यांनी मरेपर्यंत सोडला नाही. असा परका माणूस, चाळिशीच्या उंबरठ्यावर एका अनोळखी बंदरात उतरतो, आणि तीस वर्षांच्या आत त्या शहराच्या बऱ्यावाईटात त्याचे वजन पडू लागते, हे कसे घडले? मतपेटी नव्हती त्या काळी शहराचा कारभार कोण आणि कशाच्या जोरावर चालवीत असे, याचे उत्तर या एका घराण्याच्या इतिहासात सापडते.

डेव्हिड ससून यांचा जन्म 1792 मध्ये बगदादेस झाला. त्यांचे वडील शेख सासून बिन सालेह हे तेथील यहुदी समाजाचे प्रमुख आणि बगदादच्या पाशाचे खजिनदार होते. आपल्याकडील पेशवाईतल्या सावकाराशी तुलना केली तर हे पद चटकन ध्यानात येईल. राज्यकर्त्याला पैसा हवा असतो तोवर सावकाराचा मान मोठा. राज्यकर्त्याला सावकाराचाच पैसा हवासा वाटू लागला म्हणजे मान जातो आणि मानेवर येते. दाऊद पाशाच्या कारकिर्दीत तसेच झाले. यहुदी धनिकांचा छळ सुरू झाला, तरुण डेव्हिड कैदेत पडले, आणि वृद्ध वडिलांनी खटपट करून त्यांना सोडविल्यावर ते 1830 च्या सुमारास बसऱ्यामार्गे इराणी आखातातील बुशायर बंदरी पळाले. तेथे इंग्रजांची वखार होती. मुंबईच्या व्यापाऱ्यांशी त्यांचा संबंध जुळला तो तेथूनच, आणि 1832 च्या सुमारास ते कुटुंबासह मुंबईस येऊन राहिले.

या पूर्वायुष्याकडे मी लक्ष वेधतो ते एवढ्याचसाठी की पुढे मुंबईत या गृहस्थांनी जे जे केले त्याची किल्ली येथे आहे. राज्यसत्तेच्या अगदी जवळ राहावे, तिच्या उपयोगी पडावे, परंतु सर्व संपत्ती एकाच धन्याच्या हाताला लागेल अशा ठिकाणी ठेवू नये, हा बगदादचा धडा होता. त्यांना आठ मुलगे. ते मोठे होतील तसतसे त्यांना बापाने एकेका बंदरी पाठविले. दुसरे चिरंजीव एलायस 1844 मध्ये चीनला गेले. पुढे शांघाय, हाँगकाँग, लंडन अशा पेढ्या पसरल्या. मुंबई हे या जाळ्याचे मध्य होते, पण जाळे मुंबईपुरते नव्हते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. शेवटी तिचा उपयोग आहे.

ते आले ती मुंबई कोणाची होती? गव्हर्नर कंपनीचा, कायदा कंपनीचा, हे तर उघडच. परंतु गावाचे खरे कारभारी म्हणजे शेटे मंडळी. जमशेटजी जिजीभाई, आपले नाना शंकरशेट, वाडिया, कामा, बनाजी अशी ही घराणी. 1834 मध्ये हिंदी गृहस्थांना प्रथमच ‘जस्टिस ऑफ द पीस’ नेमण्यात आले. त्या पहिल्या तुकडीत जमशेटजी होते आणि नाना शंकरशेटही होते. जस्टिस या पदवीने आजच्या श्रोत्याची फसगत होऊ नये. या मंडळींकडे न्यायदानाचे काम थोडे आणि गावकीचे फार. रस्ते, गटारे, दिवाबत्ती, घरपट्टी यांवर देखरेख करणारे जे बोर्ड 1845 च्या कायद्याने निघाले त्यात काही जागा या जस्टिसांच्या निवडीने भरल्या जात. म्हणजे सरकारने निवडलेले लोक आपल्यातून लोक निवडीत. लोकशाहीची ही पहिली पायरी म्हणावी की श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली पंगत म्हणावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला तरी ती पंगतच वाटते. पण त्या पंगतीतच पुढे इतरांना पान मिळाले हेही तितकेच खरे.

या पंगतीत बसायला काय लागे? पैसा, पत आणि सरकारदरबारी शब्द. पैसा त्या काळी मुंबईत दोन वाटांनी येई, कापूस आणि अफू. चीनच्या व्यापारातील कंपनीचा मक्ता 1833 च्या सनदेने मोडला आणि खाजगी व्यापाऱ्यांना वाट मोकळी झाली. माळव्यातील अफू इंदूर, उज्जैन, रतलामकडून मुंबईस उतरे आणि गलबतांत भरून कँटनकडे जाई. प्रत्येक पेटीवर सरकार पट्टी घेई, म्हणून सरकारही त्यात भागीदारच होते. प्रथम या धंद्यात पारशी व्यापारी आघाडीवर होते, जमशेटजी जिजीभाईंची संपत्तीही त्यातलीच. ससूनांनी हळूहळू शेतकऱ्यांना व अडत्यांना आगाऊ रकमा देऊन माल उगमापाशीच बांधून घेण्याचा क्रम ठेवला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अफूच्या व्यापारात त्यांच्याइतके मोठे घर दुसरे राहिले नाही.

ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. त्या काळच्या कायद्याने हा धंदा चोख होता. समाजात त्याची लाज नव्हती. चीनने माल अडविला म्हणून इंग्रजांनी 1839 ते 1842 युद्ध केले आणि त्या युद्धानंतरच ससूनांच्या पेढ्या चीनमध्ये रुजल्या. तरीही सर्वांनाच हा पैसा पचत होता असे नाही. दादाभाई नवरोजींनी 1858 मध्ये कामांच्या लंडनच्या पेढीतून अंग काढून घेतले त्यामागे अफू आणि दारू यांच्या नफ्याविषयीचा तिटकारा होता, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे त्या काळीही वेगळा विचार करणे शक्य होते. ज्या पैशाने पुण्यात रोग्यांना खाटा मिळाल्या त्यात दूरदेशी चिनी माणसाचे उद्ध्वस्त घर आहे, हे रुग्णालयाच्या दगडी मनोऱ्याकडे पाहताना विसरता कामा नये. रुग्णालय बरे की वाईट असा प्रश्न यातून निघत नाही. कोणाच्या खिशातून कोणाला मिळाले एवढाच हिशेब आहे.

आता ससूनांच्या मुंबईतील पहिल्या सार्वजनिक उचापतीकडे वळू. ती मोठी बोधप्रद आहे. मुंबईत ते आले तेव्हा तेथे यहुदी नव्हते असे नाही. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेले, घाण्यावर तेल गाळणारे, शनिवारी काम बंद ठेवीत म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले जाणारे बेने इस्राएल लोक अठराव्या शतकापासून मुंबईत येऊन वसले होते. मराठी त्यांची मायबोली. कंपनीच्या फौजेत त्यांनी नाव काढले होते, आणि त्यांच्यापैकीच सामाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 मध्ये मांडवी भागात मुंबईतील पहिले यहुदी प्रार्थनामंदिर उभारले होते. बगदादहून आलेल्या परागंदा धर्मबांधवांना आधार मिळाला तो या मंडळींच्या शेजारात. त्यांच्याच मंदिरात ते प्रथम प्रार्थना करीत आणि त्यांच्याच दफनभूमीत आपली माणसे पुरीत.

आणि 1836 मध्ये डेव्हिड ससून आदी बगदादी गृहस्थांनी सरकारकडे अर्ज केला तो काय? तर यहुद्यांच्या दफनभूमीत मधोमध भिंत घालून द्यावी. बेने इस्राएलांच्या मृतांपासून आमचे मृत वेगळे असावेत! बगदादी लोक धर्माचारात स्वतःला अधिक शुद्ध समजत आणि बेने इस्राएलांच्या वंशाविषयी शंका घेत. आपल्या देशात पाऊल ठेवताच माणसाला भिंत घालण्याची बुद्धी होते, असा विनोद कोणी केला तर तो अगदीच अस्थानी होणार नाही. पण या अर्जाची दुसरीही एक बाजू आहे. शहराच्या राजकारणात तेव्हा व्यक्तीला स्थान नव्हते, ज्ञातीला होते. पारशी पंचायत होती, हिंदूंचे महाजन होते, मुसलमानांच्या जमाती होत्या. सरकार बोलावी ते ज्ञातीच्या मुखियाला. गोऱ्या साहेबाच्या नजरेत आपली ज्ञात निराळी, आखीव आणि प्रतिष्ठित दिसल्याखेरीज आपल्याला खुर्ची मिळणार नाही, हे चाणाक्ष बगदादी शेठने ओळखले होते. पुढे 1864 मध्ये भायखळ्यास त्यांनी बगदाद्यांचे स्वतंत्र ‘मागेन डेव्हिड’ मंदिर बांधले, तेव्हा ही आखणी पुरी झाली. ती करताना ज्यांनी प्रथम जागा दिली त्यांना मात्र त्यांनी दाराबाहेर ठेवले. हे चांगले झाले नाही, असे माझे मत आहे.

यानंतर 1853 साल. या वर्षी डेव्हिड ससून रीतसर ब्रिटिश प्रजाजन झाले. हेच वर्ष आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासातही कोरलेले आहे, म्हणून थोडे थांबतो. हैदराबादच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चापायी निजामाने त्याच वर्षीच्या तहाने वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख कंपनीच्या ताब्यात दिला. नळदुर्गच्या किल्ल्यावर मेडोज टेलर हा अंमलदार येऊन बसला. तो लेखकही होता, ठगांवरील कादंबरीने गाजलेला. सात वर्षांनी, 1860 मध्ये, धाराशिव आणि रायचूर पुन्हा निजामाला परत मिळाले. येथल्या रयतेला जाताना कोणी विचारले नाही आणि येतानाही नाही. गुरेढोरे, विहिरी, पांदीचे रस्ते यांसह ती एका वहीतून दुसऱ्या वहीत गेली. त्याच साली मुंबईत एक निर्वासित स्वतःच्या सहीने, स्वतःच्या लिपीत, आपले राज्य निवडीत होता. राज्य निवडण्याची ही चैन त्या काळी मोठ्या व्यापाऱ्यालाच परवडे.

त्या निवडीची परीक्षा 1857 मध्ये झाली. उत्तर हिंदुस्थान पेटले होते, मुंबईतही इंग्रज अधिकाऱ्यांची झोप उडाली होती. डेव्हिड ससून यांनी आपल्या ज्ञातीची माणसे उभी करून सरकारची सेवा करण्याची तयारी गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांना कळविली. फौज उभारण्याचा प्रसंग आला नाही, पण शब्द वेळेवर पोचला होता. पुढच्या वर्षी राणीचा जाहीरनामा निघाला तेव्हा भायखळ्याच्या ‘सान सूसी’ या त्यांच्या हवेलीत मोठी मेजवानी झाली आणि गव्हर्नरसाहेब पाहुणे म्हणून आले. राष्ट्राभिमानी श्रोत्याला हे आवडणार नाही हे मी जाणतो. परंतु बगदादच्या तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाला कंपनीचे राज्य हे परके राज्य नव्हते. सगळीच राज्ये त्याला परकी होती, आणि त्यातल्या त्यात ज्यात कायदा लेखी होता ते त्याने धरले.

आता देणग्या. आपण देणगीला धर्म म्हणतो आणि राजकारणापासून वेगळी काढतो. त्या मुंबईत तसे नव्हते. शहराला दवाखाना हवा, शाळा हवी, बालगुन्हेगारांना सुधारण्याचे ठिकाण हवे. सरकारचा हात आखडलेला, करदाते नाराज. अशा वेळी शेठ रक्कम पुढे करी, सरकार तितकीच किंवा जमीन घाली, आणि संस्थेच्या व्यवस्थापक मंडळात शेठची खुर्ची पक्की होई. कोणत्या कामाला आधी हात घालायचा हे अशा रीतीने ठरे. आजच्या भाषेत बोलायचे तर अंदाजपत्रकाचा काही भाग दिवाणखान्यात मंजूर होत असे. 1857 च्या सुमारास बालगुन्हेगारांसाठी चालणारी सुधारशाळा ससूनांच्या पैशाने व नावाने उभी राहिली. पुण्यातील रुग्णालयाची पायाभरणी 1863 मध्ये झाली, ते 1867 मध्ये पुरे झाले. मुंबईची सरकारी टांकसाळ आणि गोदी यांतील कारागिरांनी 1847 मध्ये एक वाचनसंस्था काढली होती, तिला स्वतःचे घर नव्हते. तिच्या इमारतीला सव्वा लाख रुपये खर्च आला; पैकी साठ हजार डेव्हिड ससून यांचे. 1870 मध्ये पुरी झालेली हीच ती ग्रंथालयाची इमारत. सुतार-लोहारांनी सुरू केलेल्या संस्थेवर नाव चढले ते शेठचे. कारागिरांपैकी एकाचेही नाव आज कोणी सांगू शकणार नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्या पदरात टाकली पाहिजे. या संस्था त्यांनी यहुद्यांपुरत्या राखल्या नाहीत. दफनभूमीत भिंत मागणाऱ्या माणसाने रुग्णालयात भिंत मागितली नाही.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी माजली, लँकेशायरच्या गिरण्यांना तेथला कापूस मिळेनासा झाला, आणि मुंबईवर सोन्याचा पाऊस पडला. नुकतीच 1859-60 मध्ये आगगाडी बार्शी रोड व सोलापूरपर्यंत पोचली होती. आपल्या बालाघाटच्या कुशीतला कापूस बैलगाड्यांनी बार्शीच्या पेठेत उतरे आणि तेथून मुंबईच्या वाटेला लागे. चार वर्षांत मुंबईने कोट्यवधी रुपये मिळविले आणि ते सट्ट्यात घातले. रोज नवी बँक, रोज समुद्र हटविण्याची नवी कंपनी. 1864 च्या शिरगणतीत शहराची वस्ती 8,16,562 भरली. त्याच वर्षी नोव्हेंबरात डेव्हिड ससून पुण्यास वारले. पुण्याच्या लष्कर भागातील लाल देवळाच्या, म्हणजे ‘ओहेल डेव्हिड’ मंदिराच्या, आवारात त्यांची समाधी आहे. पुढच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील युद्ध संपले, 1 जुलै 1865 रोजी वायद्यांचा दिवस भरला, आणि एकामागून एक घरे कोसळली. प्रेमचंद रायचंदांसारखा सट्ट्याचा राजा रस्त्यावर आला. ससूनांची पेढी टिकली, कारण तिचा पैसा एका बाजारात अडकलेला नव्हता. बगदादचा धडा कामी आला.

वडिलांमागे घराण्याचे मुख्य झाले थोरले अब्दुल्ला. हे मुंबईच्या साहेबी जगात वाढलेले. पुढे त्यांनी आपले नाव आल्बर्ट असे केले. नावाच्या या बदलात एका पिढीचा प्रवास आहे. 1867 मध्ये त्यांना सी. एस. आय. हा किताब मिळाला. याच वर्षी धाकटे बंधू एलायस वेगळे झाले आणि त्यांनी ई. डी. ससून ही स्वतंत्र पेढी काढली. 1868 मध्ये आल्बर्ट मुंबईच्या कायदेकौन्सिलात बसले. अर्थातच नेमणुकीने, त्या कौन्सिलात निवडून आलेला असा कोणी नव्हताच.

आणि याच वेळी शहराचे राजकारण कूस बदलीत होते. 1865 च्या कायद्याने मुंबईचा कारभार एका कमिशनरच्या हाती आला आणि सर्व जस्टिसांची मिळून एक संस्था झाली. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. माणूस धडाडीचा आणि उधळा. त्यांनी गटारे काढली, रस्ते रुंद केले, मंडई उभारली, मृत्युसंख्या खाली आणली, आणि खर्चाचा मेळ कधी घातला नाही. सट्ट्यात बुडालेल्या शहरावर करांचा बोजा वाढत चालला. 1871 मध्ये करदात्यांचा संताप उसळला. जस्टिसांच्या सभेत फोर्ब्स साहेबांनी कारभाराच्या फेरमांडणीचा ठराव आणला. नवरोजी फर्दुनजी, विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारखे जाणते लोक या प्रश्नात पडले. आणि सव्वीस वर्षांच्या फिरोजशहा मेहतांनी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये निबंध वाचून सांगितले की दोष कमिशनरच्या अधिकारात नाही, दोष लोकनियुक्त सभा नसण्यात आहे. तो दिवस बोलणाऱ्याचा होता. वकील, संपादक, शिक्षक यांची नवी पिढी सभेत उभी राहून आकडे मांडू लागली, आणि रक्कम पुढे करून गप्प बसणाऱ्या शेठचे आसन डळमळू लागले.

1872 चा कायदा झाला. 64 जणांची कॉर्पोरेशन. त्यांतील 32 करदात्यांनी निवडलेले, 16 जस्टिसांनी निवडलेले, 16 सरकारने नेमलेले. ज्या कौन्सिलात एकही सभासद निवडून आलेला नव्हता तिने मुंबईला मत दिले, ही त्या काळाची गंमत. मत ठराविक कर भरणाऱ्या थोड्यांनाच होते. चाळीतल्या माणसाला नव्हते. तरीपण सत्तेचा रंग पालटला होता. आता शब्द साहेबाच्या कानात सांगून भागणार नव्हते, करदात्याच्या दारात जावे लागणार होते.

आल्बर्ट ससून यांनी या बदलत्या मुंबईत शेवटची मोठी बाजी खेळली ती कुलाब्याच्या गोदीची. 1869 मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला, आगबोटींची ये-जा वाढली. पण मुंबईत जहाज धक्क्याला लागून माल उतरवील अशी भरल्या पाण्याची गोदी नव्हती. धक्के खाजगी कंपन्यांच्या हाती, त्यांचे दर त्यांच्या मर्जीचे. ससूनांनी समुद्र हटवून 1875 मध्ये गोदी पुरी केली. पश्चिम हिंदुस्थानातील अशी ती पहिलीच. परंतु मध्यंतरी, 1873 मध्ये, सरकारने पोर्ट ट्रस्ट स्थापिला होता. बंदर हे सार्वजनिक हिताचे ठिकाण, ते एका घराण्याच्या वा कंपनीच्या हाती राहू नये, हा विचार आता जोर धरू लागला होता. खाजगी धक्क्यांशी चढाओढ करताना ट्रस्टची दमछाक होत होती. अखेर 1879 मध्ये ससून गोदी सरकारने ट्रस्टसाठी विकत घेतली. चार वर्षांत खाजगी साहसाचे सार्वजनिक मालमत्तेत रूपांतर झाले. रस्ते-गटारांच्या कारभारात 1872 ला जे झाले तेच बंदराच्या कारभारात येथे झाले, असे मला वाटते. शेठने बांधावे आणि शेठनेच चालवावे हा काळ सरला होता.

तोवर आल्बर्ट स्वतः मुंबईत उरलेच नव्हते. 1872 मध्ये ते सर झाले, 1873 मध्ये लंडन शहराने त्यांना मानाचे नागरिकत्व दिले, आणि लवकरच त्यांनी इंग्लंडातच बिऱ्हाड केले. मुंबईत त्यांची आठवण म्हणून एल्फिन्स्टन हायस्कुलाची इमारत आहे, आणि 1879 मध्ये त्यांनी उभारून दिलेला प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा. लोकांनी राजपुत्राकडे न पाहता घोड्याकडे पाहिले आणि चौकाला नाव पडले काळा घोडा. पुतळा 1965 मध्ये तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. नाव मात्र तेथेच राहिले.

ते गेले म्हणून मुंबईतील ससून घराणे संपले असे नाही. एलायसच्या शाखेतील सर जेकब यांनी गिरण्या काढल्या आणि त्या धंद्यात अग्रस्थान मिळविले. फ्लोरा ससून या बाईंनी पतिनिधनानंतर 1894 पासून काही वर्षे मुंबईची पेढी स्वतः चालविली, आणि डॉ. हाफकिन यांच्या लसीविषयी लोकांत भीती पसरली असताना तिचा जाहीर पुरस्कार केला. त्या बाईंवर एक स्वतंत्र भाषण व्हावे. परंतु शहराच्या सभागृहात, मत मागण्याच्या राजकारणात, हे घराणे मुंबईत पाय रोवून उभे राहिले नाही. मत मागितले ते दुसरीकडे. आल्बर्ट यांचे चिरंजीव एडवर्ड, जन्म मुंबईचा, 1856 चा; ते 1899 मध्ये पार्लमेंटात निवडून आले ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हाइथ गावातून. त्यांच्यामागे 1912 मध्ये त्यांचे पुत्र फिलिप त्याच जागी आले. बगदादहून निघालेल्या कुटुंबाने अखेर मतपेटी गाठली. मधला मुक्काम तेवढा मुंबईचा.

आणि ज्यांच्यापासून भिंतीने वेगळे व्हावे असे 1836 मध्ये या घराण्याच्या मूळपुरुषाला वाटले होते, त्यांचे काय झाले? बेने इस्राएल मुंबई सोडून पार्लमेंटात गेले नाहीत. कारकुनी, रेल्वे, पलटण, शाळामास्तरकी, डॉक्टरी अशा मध्यमवर्गीय पायऱ्यांनी ते चढले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 मध्ये त्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. मराठीतून त्यांचे ग्रंथ आणि नियतकालिके निघाली. कीर्तनाच्या चालीवर त्यांनी आपल्या धर्मकथा सांगितल्या. देणगीच्या मोठ्या पाट्या त्यांच्या नावावर फारशा नाहीत. 1937 मध्ये मुंबई कॉर्पोरेशनने ज्यांना आपले महापौर निवडले ते डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर या बेने इस्राएल समाजाचे. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. ‘ई. मोझेस रोड’ असे बसचे वाहक रोज ओरडत, आणि ते नाव एका कोकणी मराठी माणसाचे आहे हे उतरणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात येत असे.